इंग्रजीच्या बादशहाचा पेपर

रिफअत तौहामीचं इंग्रजी मी कॉलेजपासून ओळखते. तेव्हा ते त्याच्याकडे अजिबात नव्हतं. आजही नाही. मधल्या तीस वर्षांत एवढाच फरक पडला की ते नसल्याची त्याला लाज वाटेनाशी झाली, आणि लाज सुटली की माणूस कुठल्या कुठे पोचतो ते बघायचं असेल तर आमच्या कफ्र अबू नवारमध्ये यावं. कालव्याच्या पुलावर, पिठाच्या गिरणीवर, दवाखान्याच्या फाटकावर, इतकंच काय कबरस्तानाच्या भिंतीवरही त्याचं चित्र आहे. निळा सूट, हाताची घडी, पाठीमागे लंडनचा घड्याळाचा मनोरा आणि खाली ठळक अक्षरांत: मिस्टर रिफअत तौहामी, इंग्रजीचा बादशहा. लंडन त्याने बघितलेलं नाही. अलेक्झांड्रियाला एकदा गेला होता, तेही मेहुणीच्या लग्नाला.

मी मिस इनाम. गावच्या सरकारी माध्यमिक शाळेत गेली अठ्ठावीस वर्षं इंग्रजी शिकवते, म्हणजे शिकवायला उभी राहते. रिफअत माझा वर्गबंधू. अध्यापक महाविद्यालयात तो परीक्षेला माझ्या मागच्या बाकावर बसायचा, एवढं सांगितलं की त्याच्या पदवीविषयी वेगळं काही सांगायला नको. आता माझा खांदा मी जरा बाजूला घेत असे, हेही खरं. तेव्हा तो बारीक होता, शर्टाची कॉलर उलटी शिवलेली असायची, आणि मला त्याची दया यायची. दयेसारखी महाग वस्तू दुसरी नाही.

नोकरीही दोघांना एकाच शाळेत लागली. तो सकाळी येतो, हजेरीपटावर सही करतो, मुख्याध्यापकांच्या टेबलावरचा चहा पितो आणि गाडीत बसून आपल्या शिकवणीच्या हॉलवर जातो. पाठोपाठ शेवटच्या वर्षाची सगळी पोरं जातात. सानवियाची परीक्षा म्हणजे पोरगं डॉक्टर होणार की टुकटुक रिक्षा चालवणार हे ठरवणारी परीक्षा. तिच्यासाठी शाळेत बसून राहण्याइतकी वेडी पोरं आमच्याकडे जन्मत नाहीत. माझ्या वर्गात उरतात खिडकीतून आलेल्या चिमण्या.

"काय मिस इनाम, वर्ग भरला का?" तो शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांदेखत विचारायचा.

"भरला की. दोन चिमण्या आणि मी."

"उत्तम! त्यांना वाक्यरचना शिकवा. पोरांना काय, मार्क मिळाले तरी चालतं."

सगळे खो खो हसायचे. सगळ्यांची पोरं त्याच्याकडेच होती ना.

त्याचा हॉल म्हणजे पूर्वीचं कापसाचं गोदाम. आत तीनशे पोरं कोंबलेली, पुढे व्यासपीठ, व्यासपीठावर रिफअत आणि त्याच्या शेजारी दरबुका वाजवणारा एक लग्नातला वादक. हो, ढोलकीवाला. बादशहा व्याकरण तालावर शिकवतो. "सिन्स दिसला?" तो ओरडतो. "तिसरा धर!" तीनशे गळे ओरडतात, आणि मागून दुम-तक. या खुणांना तो 'चाव्या' म्हणतो. वाक्यात अमका शब्द दिसला की तमका पर्याय निवडायचा. वाक्य काय म्हणतंय ते बघायचंसुद्धा नाही. एकदा मी गोदामामागून जात असताना त्याचं प्रवचन कानावर आलं. "पोरांनो, वाक्य म्हणजे उंदराचा पिंजरा! अर्थ शोधायला आत शिरलात की मेलात. बाहेरून चावी बघा, पर्यायाला गोल करा, पुढे चला." पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्या दिवशी कोथिंबीर न घेताच घरी आले.

आणि निबंध? त्याच्याकडे निबंध एकच आहे. जन्मभर एकच. त्यात रिकाम्या जागा आहेत, विषय येईल तो शब्द त्यात टाकायचा. अमक्याला आपल्या आयुष्यात फार महत्त्वाचं स्थान आहे हे कोणीही नाकारू शकत नाही. अमकं ही दुधारी तलवार आहे. सरकारने अमक्याला उत्तेजन दिलं पाहिजे. शेवटी, आपण सर्वांनी हातात हात घालून अमक्यासाठी झटू या. पर्यटन घाला, इंटरनेट घाला, झाडं घाला, आई घाला. गावातल्या दहा पिढ्या, म्हणजे दहा वर्षांच्या तुकड्या, हा निबंध लिहून पास झाल्या. तपासणारेही त्याच निबंधावर पास झालेले. कोण कोणाला नावं ठेवणार?

या बादशहाला एकच मुलगी, शाहिंदा. काटकुळी, बापासारख्याच जाड भुवया, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे नाही तर हातांकडे बघायची सवय. परीक्षेच्या दोन वर्षं आधी ती एका दुपारी माझ्या दारात आली. हातात शिवणाची टोपली.

"मिस, मी घरी सांगितलंय की तुमच्याकडे शिवण शिकायला जाते."

"मला तर बटणसुद्धा लावता येत नाही."

"मला इंग्रजी शिकवा. खरं. मला कैरोला भाषांच्या कॉलेजात जायचंय."

"तुझा बाप बादशहा आहे."

"म्हणून तर तुमच्याकडे आले," ती म्हणाली. असं उत्तर देणाऱ्या पोरीला परत पाठवायला माझं काळीज दगडाचं नाही. शिवाय खोटं कशाला बोलू, बादशहाची राजकन्या माझ्याकडे चोरून येते या विचाराने मला जी मजा आली ती काय सांगावी.

दोन वर्षं ती माझ्या गच्चीवर कबुतरांच्या खुराड्याशेजारी बसून शिकली. पहिल्या दिवशी "मी ठीक आहे, आभारी आहे, तुम्ही कसे आहात" हे सगळं ती एका श्वासात एकच शब्द असल्यासारखं म्हणाली. कुठे तोडायचं ते तिला माहीतच नव्हतं. आपल्या अरबीत क्रियापद आधी उडी मारतं आणि करणारा मागून सावकाश येतो. इंग्रजीत तसं नाही. करणाऱ्याने दारात उभं राहून आधी आपलं नाव सांगायचं, मग काय केलं ते, मग कोणाला केलं ते. हे तिच्या हाडात मुरायला चार महिने लागले. माझा नियम एकच होता, रोज एक वाक्य आणायचं, आणि ते खरं असलं पाहिजे. "आमची म्हैस आज दूध देत नाही." "आई नळ बंद करायला विसरली." एकदा तिने लिहून आणलं, "माझे वडील आरशासमोर हसण्याचा सराव करतात." मी इतकी हसले की कबुतरं उडाली. ती मात्र हसली नाही. "खरं लिहायला सांगितलं होतं ना," म्हणाली.

मी तिच्याकडून एक पियास्तर घेतला नाही. घेणं शक्यही नव्हतं. सरकारी शिक्षकाने घरी शिकवणी घ्यायची नाही असा कायदा आहे, आणि सगळ्या जिल्ह्यात तो पाळणारी मी एकटीच आहे असं मी येता-जाता सगळ्यांना ऐकवत असे. म्हणून शाहिंदाचं येणं मी कोणाला सांगितलं नाही. फुकट शिकवते यावर विश्वास कोण ठेवणार?

परीक्षेचा दिवस उजाडला. इंग्रजीचा पेपर. बाहेरगावहून आलेल्या पर्यवेक्षकांना गावाने आदल्या दिवशीपासूनच भात भरून भाजलेली कबुतरं आणि तुपातल्या फतीर पोळ्या खाऊ घातल्या होत्या. कबुतराने माणसाची नजर मऊ होते. पेपर वाटून दहा मिनिटं झाली नाहीत तोच त्याचा फोटो बाहेर आला. पोरांचे बाप शाळेच्या भिंतीमागे जमले होते. लग्नात गाणी वाजवणाऱ्याची भोंग्याची गाडी आधीच आणून ठेवलेली. माझं घर शाळेपासून दोनशे पावलांवर. मी गच्चीवर वाळत घातलेली मुलुखियाची भाजी उलटीपालटी करत होते, आणि मला शब्द न् शब्द ऐकू आला.

भोंग्यावर दुसरा कोण असणार? बादशहा स्वतः. आवाजात तोच रुबाब, फक्त ढोलकी नव्हती. आधी पर्याय सांगितले, पहिल्याला ब, दुसऱ्याला ड. मग आला निबंध. त्या वर्षी निबंधाऐवजी पत्र होतं: तुमच्या मित्राचे वडील वारले आहेत, त्याला सांत्वनाचं पत्र लिहा. रिफअतने क्षणभर थांबून घसा साफ केला. मला वाटलं आता तरी हा माणूस डोकं चालवेल. आणि मग त्या भोंग्यातून सगळ्या गावावर, शेतांवर, बरसीमचा चारा कापणाऱ्या बायांच्या डोक्यांवरून ते पत्र गेलं.

प्रिय मित्रा, तुझ्या वडिलांच्या मृत्यूला आपल्या आयुष्यात फार महत्त्वाचं स्थान आहे हे कोणीही नाकारू शकत नाही. तुझ्या वडिलांचा मृत्यू ही दुधारी तलवार आहे. सरकारने तुझ्या वडिलांच्या मृत्यूला उत्तेजन दिलं पाहिजे. शेवटी, आपण सर्वांनी हातात हात घालून तुझ्या वडिलांच्या मृत्यूसाठी झटू या.

एक एक इंग्रजी अक्षर सोडवून, दोनदा. मी मुलुखियाच्या पानांत खाली बसले. हसावं की रडावं कळेना. गावात कोणालाच त्यात काही खटकलं नाही, कारण कोणाला समजलंच नव्हतं. आत चौसष्ट पोरं बसली होती. त्रेसष्ट जणांनी ते जसंच्या तसं उतरवलं. चौसष्टावी शाहिंदा. तिने बापाचा आवाज ऐकला आणि आपलं आपण लिहिलं.

तीन आठवड्यांनी चौकशी लागली. तपासणाऱ्यांपैकी कोणाचा तरी बाप नुकताच गेला असावा. त्रेसष्ट मित्रांच्या वडिलांच्या मृत्यूला सरकारी उत्तेजन मागणारे त्रेसष्ट पेपर, स्वल्पविरामांसकट सारखे. राजधानीहून सिदकी बेग नावाचा अधिकारी आला आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत बसला. गावाचं म्हणणं तयारच होतं, आमच्या पोरांनी चोरी केली नाही, पाठांतर केलं. सगळ्यांचा मास्तर एक, पुस्तिका एक, मग पत्र एक येणार नाही तर काय? आणि भोंगा? कसला भोंगा? त्या दिवशी कोणाकडे तरी साखरपुडा होता.

माझी पाळी येण्याच्या आदल्या संध्याकाळी माझी धाकटी बहीण तव्हीदा आली. तिचा मुनीर त्या त्रेसष्टांतला एक.

"इनाम, तुला उद्या बोलावतील. तू काही ऐकलं नाहीस."

"मी सगळं ऐकलं."

"तुझ्या घरात पंखा केवढा वाजतो! काही ऐकू येतं का त्यात? आणि तुझं पेन्शन दोन वर्षांवर आलंय, बाई. गावात राहायचंय तुला. माझ्या पोराचं वर्ष गेलं तर मी तुझं तोंड बघणार नाही, अल्लाची शपथ."

मी तिला खूप सुनावलं. तत्त्वाच्या गोष्टी सांगितल्या. ती गेल्यावर मी पंखा लावून बघितला. वाजतो तसा.

दुसऱ्या दिवशी सिदकी बेगने मला शाळेची जुनी इंग्रजी शिक्षिका म्हणून बोलावलं. टेबलावर पेपरांची चळत, आणि बाजूला एक पेपर वेगळा.

"हे बघा, मिस," तो म्हणाला. माणूस थकलेला होता, कपाळ पुसत होता. "त्रेसष्ट पेपर रद्द केले तर उद्या तुमचं गाव रेल्वेच्या रुळांवर झोपेल. पाठांतर म्हणतात, तर असेल पाठांतर. पुस्तिका दाखवली की फाईल बंद. पण हा एक पेपर. तौहामीची मुलगी. सगळ्यांनी बापाचं पत्र लिहिलं, हिने एकटीने लिहिलं नाही. आणि काय सुरेख लिहिलंय! अठरा वर्षांची खेड्यातली पोरगी असं लिहील? मला तर सरळ दिसतंय. बापाने बाकीच्यांना पुस्तिका दिली आणि पोटच्या पोरीला आतून खास लिहून पाठवलं. चोरी झालीच असेल तर ती इथे. हा एक रद्द करतो."

 त्रेसष्ट चोर सुटणार आणि एक प्रामाणिक पोरगी चोर ठरणार. अशी शिक्षा झाली की पुन्हा परीक्षेलाही बसू देत नाहीत. शाहिंदाचं कैरो संपलं होतं.

"तुमच्या वर्गात होती ना? कोणी शिकवलं हिला एवढं?"

दोन वर्षांची गच्ची माझ्या डोळ्यांसमोर होती. सांगायला हवं होतं, मी शिकवलं, माझ्या घरी. पण मग घरी शिकवता, मिस? किती घेता? मग शाळेपासून घर किती लांब? मग भोंगा? मग मुनीर?

"वर्गात कोणी येतच नाही, बेग," मी म्हणाले. "मला कल्पना नाही."

मग मी खुर्चीत बसून राहिले, कारण त्याने मला जा म्हटलं नव्हतं. त्याने रिफअतला आत बोलावलं.

निळा सूट. अत्तराचा भपकारा आधी आला, मागून तो. बगलेत पुस्तिका. गेल्या आठवड्यात शहरात घाईने छापून घेतलेली, वर मागच्या वर्षाचा आकडा, आत शेवटच्या पानावर ते अमर पत्र. शाई अजून बोटाला लागत होती. त्याने ती टेबलावर ठेवली आणि छाती पुढे काढून म्हणाला, "माझा अंदाज, बेग. मी प्रश्न आधीच ओळखतो. सगळा जिल्हा सांगेल."

"मानलं," सिदकी बेग म्हणाला. "आणि हे?" त्याने शाहिंदाचा पेपर पुढे सरकवला. "हे तुम्ही लिहून दिलंत, असं मला वाटतं."

रिफअतने पेपर उचलला. मुलीचं इंग्रजी तो पहिल्यांदाच वाचत होता. तो बोट ठेवून वाचतो, शब्दाखाली बोट, गावातल्या दुसरीच्या पोरांसारखं. मला ते बघवेना आणि नजरही काढवेना. मध्येच तो थांबला आणि माझ्याकडे वळला.

"इनाम, हा शब्द काय आहे?"

सरकारी अधिकाऱ्यासमोर. बादशहा. मी वाकून बघितलं. "उंबरठा," मी म्हणाले.

तो पुढे वाचू लागला. मीही त्याच्या खांद्यावरून वाचलं. प्रिय नूर, तुझे वडील गेल्याचं मला शाळेत कळलं. मी तुमच्या गल्लीपर्यंत आले आणि परत गेले. काय बोलायचं ते मला माहीत नव्हतं. माझे वडील दिवसभर बोलतात. त्या दिवशी ते तुमच्या उंबरठ्यावर तीन तास बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तेव्हा मला कळलं की तुझं काय गेलं. दुसरं मला काही कळत नाही. उद्या मी येईन आणि तुझ्याजवळ बसेन.

एकही शब्द अवघड नाही, एकही वाक्य उसनं नाही. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम त्या कागदावर होतं, आणि मी पाच मिनिटांपूर्वी म्हणाले होते, मला कल्पना नाही.

रिफअतने पेपर टेबलावर ठेवला. मग त्याने कोट काढून खुर्चीच्या पाठीला लावला. आतला शर्ट घामाने भिजला होता.

"बेग, हे मी लिहिलेलं नाही. मला हे लिहिता येणार नाही."

"विनय पुरे, उस्ताज. तुम्ही इंग्रजीचे बादशहा."

"भिंतीवर आहे. कागदावर नाही. कोरा कागद द्या. तोच विषय द्या. तुमच्यासमोर लिहितो. बघा मग, ही पोरगी माझं लिहिते की काय."

"मुद्दाम वाईट लिहाल."

"मुद्दाम वाईट लिहायलासुद्धा आधी चांगलं यावं लागतं," रिफअत म्हणाला. "आणि ही बाई इथे बसली आहे. तीस वर्षं माझ्याकडे अशी बघते आहे की मी बुटाला लागलेली घाण. माझी बाजू ही घेणार नाही. लिहून झालं की हिला विचारा, खोटं लिहिलंय की खरं."

त्याला कागद मिळाला. पंधरा मिनिटं तो लिहीत होता. पुस्तिकेतलं लिहायचं नाही असं बेगने बजावलं होतं, आणि पुस्तिका काढून घेतली की रिफअतपाशी काय उरतं ते मी त्या दिवशी पाहिलं. तो लिहायचा, खोडायचा, ओठ हलवायचा. कपाळावरून थेंब कागदावर पडला तो त्याने बाहीने टिपला. एकदा त्याने नकळत मान तिरकी करून माझ्या दिशेने बघितलं, कॉलेजात बघायचा तसं, आणि लगेच मान सरळ केली. या माणसाचा पेपर तपासायला मिळावा म्हणून मी तीस वर्षं जळत होते. आता तो समोर होता आणि मला प्रार्थनेला उशीर झाल्यासारखं उठून पळावंसं वाटत होतं.

कागद माझ्या हातात आला. चार ओळी. मित्र होता, वडील होते, दुःख होतं. पण कोण गेलं, कोण रडलं आणि कोणी कोणाला काय केलं याचा पत्ता नव्हता. एका ओळीत मित्रच मेला होता आणि वडील त्याला पत्र लिहीत होते. शेवटची ओळ अर्धीच होती.

"काय, मिस?" सिदकी बेगने विचारलं. "नाटक आहे का?"

"नाही," मी म्हणाले. "हे खरं आहे. याला येत नाही. ते पत्र याने लिहिणं शक्य नाही."

त्या दिवशी मी बोललेलं एवढंच खरं वाक्य. बेगने दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले, तोंड वाकडं केलं आणि फाईलवर सही केली. चौसष्टही पेपर कायम राहिले. शाहिंदा कैरोला गेली. आणि गावाचं म्हणाल तर पुढच्या हंगामात बादशहाच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, कारण कबरस्तानाच्या भिंतीवरच्या चित्राखाली नवी ओळ आली होती: पत्राचा अचूक अंदाज. आमचा मुनीर त्याच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसायचा असं सांगत तव्हीदाने सगळ्या नात्यात मिठाई वाटली. अशा लोकांना व्याकरण शिकवायला मी निघाले होते.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी खोलीतून बाहेर पडल्यावर रिफअत शाळेच्या पायरीवर बसला. कोट मांडीवर. मी त्याच्या बाजूने निघून जाणार होते.

"शिवण चांगली शिकवलीस," तो म्हणाला.

मी थांबले. "तुला माहीत होतं?"

"दोन वर्षं पोरगी टोपली घेऊन जाते आणि घरात एक रुमाल शिवून येत नाही. बाप आहे मी, आंधळा नाही. मीच तिच्या आईला म्हटलं, जाऊ दे. माझ्या हॉलमध्ये मी तिला एक दिवस बसू दिलं नाही." त्याने वर बघितलं. नेहमीचं आरशातलं हसू नव्हतं. "तू आत 'मी शिकवलं' एवढं म्हणाली असतीस, इनाम, तर मला तुझ्यासमोर तो कागद लिहावा लागला नसता."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. कायदा, पेन्शन, बहीण, पंखा, सगळं जिभेवर आलं आणि त्याचं एकही वाक्य होईना. तो खरोखर वाट बघत होता. मग उठला, कोट झटकला, अंगात चढवला आणि गाडीकडे गेला. हॉलवर पोरं थांबली होती.

मी त्याला अजूनही तुच्छ मानते. त्याची ढोलकी, त्याच्या चाव्या, भिंतीभिंतीवरचा तो निळा सूट, काहीही मी माफ केलेलं नाही. पण त्याला काय येत नाही ते त्याने पोरीसाठी कागदावर लिहून दिलं. मला काय येत नाही ते मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही, शाहिंदालासुद्धा. आणि ती दर ईदला कैरोहून आली की आधी माझ्या हाताला ओठ टेकवते, मग बापाच्या.